हप्त्यातला ‘प’

“आधी कलम कुठलंय ते वाच बे,” वकील फोनवर म्हणाला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळे अशिलाला मिळणारा मान मला त्याच्याकडून कधी मिळालेला नाही.

मी वाचलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९.

“मग साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ३५, पोटकलम ३ असतं तर संशयित म्हणून बघायलेत असं समजायचं. जा, विचारतील तेवढं सांग. आणि तिथं मास्तरकी करू नको.”

तीन आठवड्यांनी दुसरी नोटीस आली. ती ३५(३) चीच होती.

मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चाळीसेक ओळी माझ्या नाहीत, हे दाखवायला मला काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतोय. एरवी लोक आपलं लिखाण आपलंच आहे हे सिद्ध करायला धडपडतात. माझं नेमकं उलटं झालं होतं. प्रोग्राम उघडला की पहिल्याच पडद्यावर माझं नाव आणि मोबाइल नंबर येतो, म्हणजे लेखक कोण ते पोलिसांना शोधावंच लागलं नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी २०१२ साली मी व्हीबी डॉटनेट या प्रोग्रामिंगच्या भाषेत पगाराचा प्रोग्राम लिहिला. हे सगळं सुरू झालं तेव्हा तो अकरा ठिकाणी चालत होता. तिथला पगार आठवड्याचा, आणि बराचसा कामावर. विणणाऱ्याला मालावर, शिवणाऱ्या बायकांना डझनावर. त्यातून उचल कापायची. राहिलेली रक्कम रोख देताना चिल्लरीची कटकट नको म्हणून दहाच्या पटीत खाली आणायची, आणि वरचे रुपये ‘मागील शिल्लक’ म्हणून पुढच्या हप्त्यात धरायचे. २३४७ झाले तर हातात २३४०, सात रुपये पुढे. सगळा मामला या सात रुपयांचा आहे.

त्यातल्या एका कारखान्यात टॉवेल शिवणाऱ्या एक अक्का आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, हिशेब मात्र बोटांच्या पेरांवर. बाकीचे लोक पगाराची चिठ्ठी पाकिटाबरोबरच फेकून देतात. अक्का ती भाताच्या शितानं दोनशे पानी वहीत चिकटवतात आणि शेजारी पेनानं आकडा लिहितात. २०२५ च्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत त्यांनी ती वही चाळली. एका चिठ्ठीवर पुढे नेलेली शिल्लक ७, पुढच्या चिठ्ठीवर मागील शिल्लक २. नऊचे चार झालेले. पाचचं शून्य. चारचे मात्र चारच. म्हणजे शिल्लक पाच किंवा जास्त असेल तर त्यातले बरोबर पाच गायब, आणि कमी असेल तर हात लावलेला नाही. अक्का वही घेऊन थेट मालकांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

मालकांनी मला बोलावलं. पुढे मी जे केलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी नेहमीसारखा गेलो. पेन ड्राइव्ह लावला. तिथल्या प्रोग्रामची फाइल माझ्याकडच्या फाइलपेक्षा आकारानं वेगळी दिसली. तिची एक कॉपी सवयीनं पेन ड्राइव्हवर घेतली, जागेवरच्या फाइलचं नाव बदलून ‘पगार_जुना’ केलं, माझी चांगली फाइल तिथं टाकली, दोन चिठ्ठ्या छापून बघितल्या आणि म्हणालो, “झालं शेठ. फाइल खराब झाली असेल.” चहा घेतला आणि घरी आलो. ते पाच रुपये जातात कुठे, हा प्रश्न मला रात्री साडेअकराला पडला.

मालकांना तो संध्याकाळीच पडला होता. काम सोडून गेलेल्या एका हमालाचा बिल्ला नंबर यादीत अजून जिवंत होता आणि सगळ्यांचे पाच-पाच रुपये त्याच्या नावावर जमा होत होते. त्याचं पाकीट दर आठवड्याला ऑफिसातलाच एक कारकून उचलायचा. कामगार एकशे ऐंशी. शिल्लक साधारण निम्म्या वेळा पाच किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे आठवड्याला साडेचारशे, वर्षाला तेवीस-चोवीस हजार. एका माणसाचं बघितलं तर आठवड्याला अडीच रुपये. त्यात चहासुद्धा येत नाही. म्हणूनच दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुन्हा नोंदला गेला. पैसे जुलै २०२४ च्या आधीपासून जात होते, त्यामुळे आधीच्या आठवड्यांना जुनं भादंवि आणि नंतरच्यांना न्याय संहिता अशी दोन्हीकडची कलमं लागली. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्यातलं कलम ६५ सोर्स कोडशी, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिहिलेल्या मजकुराशी, छेडछाड असंच म्हणतं, म्हणून मला वाटलं आपलं तेच. वकिलानं हात झटकला. ते कलम फक्त जो सोर्स कोड जपून ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे त्यालाच लागतं, टॉवेल कारखान्याच्या पगाराला नाही. आपल्या कामाचं म्हणजे ४३, त्यात २००८ च्या दुरुस्तीनं आलेला सोर्स कोड चोरण्या-बदलण्याचा खंड, आणि हेच लबाडीनं केलं तर शिक्षा सांगणारं ६६ : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. म्हणून माझ्यासमोर बसल्या होत्या त्या निरीक्षक मॅडम होत्या.

त्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं. मला ते आधी बरं वाटलं आणि दहा मिनिटांत वाईट वाटायला लागलं. प्रोग्रामिंग न येणारा माणूस प्रोग्रामबद्दल विचारतच नाही. तो तुमच्याबद्दल विचारतो.

“मालकांचा फोन आल्यावर तुम्ही गेलात. संगणकाला पेन ड्राइव्ह लावलात. हा तुमचाच ना?” समोर कागद होता. विंडोज प्रत्येक पेन ड्राइव्हचा अनुक्रमांक नोंदून ठेवतं, हे मी माझ्या कॉम्प्युटर क्लासात पोरांना शिकवलेलं आहे.

“हो.”

“फाइलचं नाव बदललंत. दुसरी टाकलीत. त्या टेबलावर बसून चहा प्यायलात.” त्यांनी कागद खाली ठेवला. “सर, तुम्ही हत्यार पुसून ठेवलंत आणि घरी गेलात.”

मी पुसलं नव्हतं, नाव बदललं होतं. नाव बदललं तरी फाइलच्या आतला मजकूर तसाच राहतो. हे मी सांगितलं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग त्यांनी दुसरा कागद काढला. माझ्या प्रोग्राममध्ये तेव्हा एक देखभालीचा पासवर्ड होता. मालक पासवर्ड विसरतात, रात्री अकराला फोन करतात, म्हणून मी तो कोडमध्येच लिहून ठेवला होता. अकराही कारखान्यांत तोच, आणि एकाही मालकाला त्याची कल्पना नव्हती. चोरदरवाजाच म्हणायचं त्याला. मी इतकी वर्षं त्याला ‘सोय’ म्हणत आलो होतो.

“हा आणखी कुणाला माहितीय?”

“कुणालाच नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं.

“म्हणजे फक्त तुम्हाला.”

वकिलाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काहीच बोलला नाही.

त्या रात्री मी ‘पगार_जुना’ची माझ्याकडची कॉपी आयएलस्पायमध्ये उघडली. डॉटनेटमध्ये बनवलेली फाइल अशा साधनानं उलटी उलगडता येते, जवळजवळ मूळ कोडइतकी वाचनीय. पासवर्डबद्दल मी मॅडमना दिलेलं उत्तर किती पोकळ होतं ते इथेच कळलं. माझी फाइल ज्याच्या हातात, त्याला माझा पासवर्ड वाचता येत होता. कुलपाच्या पाठीवर किल्लीचा नंबर छापावा तसा.

फाइलभर माझा कोड होता. तेच क्लास, तीच फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे), ‘उचलवजावट’ला रोमन लिपीत मी केलेलं तेच वेडंवाकडं स्पेलिंग. आणि त्यात एक फंक्शन नवं. शिल्लक घ्यायची, पाचाशी ताडायची, पाच काढायचे, हमालाच्या नंबरावर टाकायचे. चूक झाली तर गप्प बसायचं.

ते ‘गप्प बसायचं’ मी तीन-चार वेळा वाचलं. कोडमध्ये चूक झाली तर ती पकडायला ट्राय-कॅच लिहितात. व्हीबीचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम, अशा प्रत्येक कॅचमध्ये स्वतःहून दोन हाका घालतो. आत शिरताना ‘सेट प्रोजेक्ट एरर’, बाहेर पडताना ‘क्लिअर प्रोजेक्ट एरर’. आपण लिहायच्या नसतात, मागायच्याही नसतात, तो घालतोच. माझ्या प्रत्येक फंक्शनमध्ये त्या होत्या. या नव्या फंक्शनमध्ये नव्हत्या. दोन शब्द सारखे आहेत का हे ताडायचं असेल तर व्हीबी ‘कम्पेअर स्ट्रिंग’ नावाच्या आपल्या जुन्या गड्याला बोलावतं. माझा सगळा कोड त्याच्याच भरवशावर. नव्या फंक्शननं त्याला विचारलंही नव्हतं, सी शार्प ही डॉटनेटमधलीच दुसरी भाषा जसं करते तसं सरळ ताडलं होतं.

म्हणजे कुणीतरी माझी तयार फाइल उलगडली होती. आयएलस्पाय ती सी शार्पमध्ये उलगडून देतं. त्यात आपलं फंक्शन सी शार्पमध्ये घातलं आणि पुन्हा कंपाइल केलं. माझ्या जुन्या फंक्शनांत व्हीबीच्या खुणा तशाच राहिल्या होत्या, नव्यात त्या यायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना हे मी जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ते तिसऱ्या पिढीचे टॉवेलवाले. ऐकून म्हणाले, “म्हणजे टॉवेल तुमचाच आहे. मधली पट्टी दुसऱ्या मागावर विणून शिवलीय.” त्यांचा जॉबर किनार बोटांत धरून कुठल्या मागाचा माल ते सांगतो. माझ्या दीड तासाच्या बडबडीपेक्षा त्यांचं ते एक वाक्य मी पुढे जास्त वेळा वापरलं, कोर्टाच्या कागदातसुद्धा.

आणि मग ते नाव. डॉटनेटच्या तयार फाइलमध्ये फंक्शनच्या आतल्या चलांची, म्हणजे व्हेरिएबलांची नावं राहत नाहीत, पण फंक्शनचं स्वतःचं नाव राहतं. नव्या फंक्शनच्या नावात ‘हप्ता’ होता, रोमन लिपीत, एफ घालून. हफ्ता. माझ्या कोडमध्ये हा शब्द त्रेसष्ट ठिकाणी आहे, त्रेसष्टही ठिकाणी पी. आमच्या मराठीच्या बाईंनी ‘हफ्ता’ लिहिला म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, चौथीत. तेव्हापासून माझा हात एफवर जात नाही.

हे सगळं मी तीन पानांत लिहून काढलं आणि वकिलाकडे गेलो. त्यानं वाचलं. “तुझ्या कॉपीची किंमत शून्य. घरी नेऊन तू तिच्यात काय केलंस ते कोण सांगणार? पण मॅडमना कुठं बघायचं ते कळेल. दे.”

मॅडमनी तीन पानं शांतपणे वाचली. टॉवेलच्या पट्टीपाशी मान हलवली. मग विचारलं, “तुम्हाला सी शार्प येतं?”

“येतं.”

“हफ्ता एफनं लिहिता येतो?”

मी काय बोलणार. माझा एकच मुद्दा होता. ज्याच्याकडे मूळ कोड आहे तो स्वतःचीच तयार फाइल उसवून परत का शिवेल? त्या म्हणाल्या, “दुसऱ्यावर ढकलायचं असेल तर.” आणि दुसरी नोटीस माझ्या हातात दिली.

त्या खवट बोलल्या असं मी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं. आता वाटतं, त्या खोलीत नेमका विचार करणारं एकच माणूस होतं आणि ते मी नव्हतो. फाइल एवढंच सांगत होती की हे फंक्शन दुसऱ्या मागावर विणलंय. त्या मागावर बसलं कोण होतं, ते फाइल सांगू शकत नव्हती. मी मात्र ते तिच्याकडूनच वदवायला निघालो होतो.

त्या दिवसांत झोप नव्हती, म्हणून वाचत बसायचो. २०१५ साली काही संशोधकांनी कोडच्या शैलीवरून लेखक ओळखून दाखवला होता, अडीचशे प्रोग्रामरांत ९८ टक्के अचूक. वाचून उठून बसलो. मग नीट वाचलं. प्रत्येक प्रोग्रामरचे बरेच नमुने हाताशी होते, आणि खरा लेखक त्या अडीचशेतच असणार हे आधीच ठरलेलं होतं. माझ्याकडे एक फंक्शन आणि सोलापुरातली अर्धी कॉम्प्युटर क्लासची पोरं. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसच्या तर पहिल्याच ओळींत मनिला शहराचं नाव होतं आणि शाळेत जायला आवडत नाही अशी तक्रारही. तपास मनिलातच पोचला आणि माणूसही सापडला, पण फिलिपीन्समध्ये तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता, खटला उभा राहिला नाही. तिथं लेखक मिळाला आणि कलम मिळालं नाही. माझ्याकडे कलमं भरपूर होती.

माझी हार्ड डिस्क न्यायला ते विजापूर रोडवरच्या घरी आले तेव्हा दोन पंच सोबत होते. एक चौकातले चहावाले, दुसरे शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून एक शिपाई मोबाइल धरून उभा. सायबरच्या मुलानं डिस्क काढली आणि मधे एका छोट्या डबीतून आपल्या लॅपटॉपला जोडली. त्या डबीतून वाचता येतं, लिहिता येत नाही. माझ्या डिस्कवर एक अक्षरही चुकून उमटू नये म्हणून. मग हॅश काढायला घेतला. पाचशे जीबीची डिस्क, दीड तास लागला. बायकोनं सगळ्यांना पोहे केले. हे घेतले तर चालतात का, म्हणून शिपायानं मॅडमकडे बघितलं. चालले.

दीड तासानं पडद्यावर चौसष्ट अक्षरं आली. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, बाकी काही नाही. हवालदार पंचनामा हातानं लिहीत होते. मुलगा वाचायला लागला. “सात, बी, शून्य, डी, डी...”

“बी बॉलचा का डी डॉगचा?”

“डी. दोनदा डी.”

“मघाशी बी म्हटलात की.”

हेडक्लार्कांनी चष्मा वर केला. “असं नाही जमायचं. चार-चारचे गट करा. तुम्ही वाचा, ते लिहितील. मग ते वाचतील, मी पडद्यावर टिक करीन. मग मी वाचीन.” तीस वर्षं गुणपत्रकं ताडलेला माणूस. तिसऱ्या फेरीत एकेचाळिसाव्या जागी सीच्या ऐवजी ई सापडला. हवालदारांनी खोडून सही केली.

“हे नक्की असतं काय?” हेडक्लार्कांनी मला हळूच विचारलं. मी म्हणालो, डिस्कवरच्या सगळ्या मजकुरावरून हा आकडा निघतो, आत एक टिंब बदललं तरी पार वेगळा येतो.

“म्हणजे गठ्ठ्याची बेरीज. गठ्ठा बोर्डात पोचल्यावर परत करायची.”

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. डिस्क पिशवीत गेली, पिशवीवर लाख, लाखेवर सही-शिक्के, आणि मी अकरा कारखान्यांचा सोर्स कोड नसलेला माणूस झालो. म्हणजे पूर्ण नाही. जुन्या सीडींचा एक डबा होता. ‘पगार फायनल’, ‘पगार फायनल नवीन’, ‘पगार फायनल आता खरंच’. तारखा कशावरच नाहीत.

माझा कोड केव्हा कसा होता हे दाखवायला मी आधी गिट पुढे केलं, कोडमधला प्रत्येक बदल तारखेसह नोंदणारं साधन. २०१८ पासून वापरतो. वकिलानं तालुक्याच्या कोर्टात जमिनीचे दावे लढवलेत, त्याला खोट्या तारखा लांबून कळतात. “ही तारीख कोण टाकतं?” मला कबूल करावं लागलं की ती आपल्याच संगणकाच्या घड्याळावरून पडते. घड्याळ मागे केलं तर तारीखही मागची, आणि नाव तर हवं ते. “मग हे तुझ्या डायरीसारखं झालं. तूच लिहिलेली.” भाव आला तो भलत्याच गोष्टीला. आळसापोटी मी दर सुधारणेनंतर सगळ्या कोडची झिप स्वतःलाच ईमेल करायचो. त्या ईमेलच्या माथ्यावर वाटेतल्या सर्व्हरांनी आपापल्या वेळा टाकलेल्या होत्या, त्यात माझा हात नव्हता. अशा चौतीस ईमेल निघाल्या. एकातही हफ्ता नव्हता.

पण ईमेलचा नुसता प्रिंट कोर्टात चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन भाग : पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत हॅश कुठल्या पद्धतीचा त्यावर खूण करून तो आकडा लिहायचा. मी म्हणालो, एवढं कशाला? वकिलानं जालन्याची गोष्ट सांगितली. २०१४ च्या विधानसभेला तिथं उमेदवारी अर्ज तीन वाजायच्या आत आला की नंतर, यावर खटला झाला. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकारी त्यांचं प्रमाणपत्र देईनात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला की प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच कोर्टात आणून दाखवलंत तर नको, आणि समोरचा देतच नसेल तर कोर्टाला सांगून मागवा. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब होतं. “तू मूळ सर्व्हर उचलून आणतोस का कॅलिफोर्नियातून? मग भर मुकाट.”

मी भरलं. चौसष्ट अक्षरं चार-चारचे गट करून.

प्रयोगशाळेच्या अहवालाला सात महिने लागले. या सात महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन कारखान्यांनी प्रोग्राम बदलला. बाकीच्यांच्या मालकांना मी देखभालीच्या पासवर्डबद्दल स्वतः जाऊन सांगितलं आणि तो काढून टाकला. एकानं मला खुर्चीही दिली नाही.

अहवालात माझ्या तीन पानांतलं बरंचसं होतं, कोरड्या भाषेत. शिवाय मी चुकीचं वाचलेलं एक. फाइलच्या माथ्यावर ती कधी बनली ती वेळ असते. बदललेल्या फाइलवर ती २०८६ साल दाखवत होती आणि मी पानभर लिहिलं होतं की चोरानं घड्याळ पुढे करून खुणा लपवल्या. तसलं काही नव्हतं. नवे कंपायलर त्या जागी वेळ टाकतच नाहीत. तोच कोड पुन्हा कंपाइल केला तर अगदी तीच फाइल निघावी म्हणून तिथं मजकुरावरून काढलेला आकडा भरतात, तो तारीख म्हणून वाचला की काहीही निघतं. मॅडमनी ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून मला दाखवली. काही म्हणाल्या नाहीत.

फाइलमध्ये एक पत्ताही होता. कंपाइल करताना डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये बनली, तो पूर्ण मार्ग आत उमटून राहतो. माझ्या मूळ फाइलमध्ये तो माझ्या डी ड्राइव्हचा आहे. या फाइलमध्ये सी ड्राइव्ह, युजर्स, ॲडमिन, डेस्कटॉप, ‘पगार न्यू’. ॲडमिन! सोलापुरात दर दुसऱ्या संगणकाचं नाव ॲडमिन आहे. पण त्या मार्गाशेजारी एक लांबलचक ओळखक्रमांकही असतो, आणि तो ज्या डीबग फाइलचा, तिच्याशीच जुळतो.

ती डीबग फाइल मिळाली. कोडच्या शैलीनं नव्हे, पेन ड्राइव्हच्या नोंदींनी. कारखान्याच्या संगणकावर माझ्या पेन ड्राइव्हच्या दीड वर्ष आधी आणखी एक लागलेला होता, आणि बदललेली फाइल डिस्कवर अवतरली ती त्यानंतर चार मिनिटांनी. त्या दिवशी कोण आलं होतं? गेटवरच्या रजिस्टरात होतं. कारखान्याचे संगणक दुरुस्त करायला येणारा मुलगा, प्रिंटरसाठी. वॉचमननं बॉलपेननं लिहिलेली वेळ, आत १२.१०. त्याच्या लॅपटॉपवर त्याच अनुक्रमांकाच्या पेन ड्राइव्हची नोंद निघाली, डेस्कटॉपवर ‘पगार न्यू’ निघालं आणि डीबग फाइलचा ओळखक्रमांक अक्षर न् अक्षर जुळला. कारकुनानं पाकीट उचलायचं, यानं फाइल बदलायची, निम्मेनिम्म.

ते नाव ऐकून मी जिना उतरून खाली आलो आणि गाडीची किल्ली शोधत उभा राहिलो. ती हातातच होती. २०१६ च्या बॅचला होता तो माझ्याकडे. फाइल उलगडायचं साधन असतं हे मीच वर्गात दाखवलं होतं, आणि नमुना म्हणून माझाच पगाराचा प्रोग्राम उघडला होता. पोरं पासवर्ड बघून हसली होती. “कुणालाच नाही,” मी मॅडमना म्हणालो होतो. हे मी वकिलाला सांगितलं, मग पुरवणी जबाबात मॅडमनाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. अशा जबाबावर आपली सही घेत नाहीत.

आरोपपत्रात मी आता साक्षीदार आहे. डिस्क सुपूर्दनाम्यावर परत मिळाली, लाखेचे तुकडे अजून पिशवीच्या शिवणीत आहेत. आधी हॅश काढला, जुळला, मग काम सुरू केलं. मुलाचे वडील एकदा घरी येऊन गेले. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मागच्या तारखेला कोर्टाच्या पायऱ्यांवर अक्का भेटल्या. त्याही साक्षीदार. आमचं काम पुकारायच्या आधीच पुढची तारीख पडली होती. त्यांची वही मुद्देमालात जमा आहे, तिच्यावर तर लाखेचं सीलही माझ्या डिस्कपेक्षा मोठं.

“सर, ती वही देतील का हो लवकर? तुमची पेटी दिली म्हणे.”

मी म्हणालो, अक्का, तोच तर मुख्य पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत नाही देणार.

“चिठ्ठ्या ठेवू द्या त्यांना. मागच्या बाजूनं भिशीचा हिशेब आहे सगळ्या बायकांचा. कुणी किती दिले ते मला आता तोंडपाठ म्हणावं लागतं.” त्यांनी पिशवीतून नवी वही काढली, शंभर पानी. पहिल्या पानावर त्या आठवड्याची चिठ्ठी शितानं चिकटवलेली होती. पुढे नेलेली शिल्लक ६. “पुढच्या शनिवारी बघते,” त्या म्हणाल्या.

मी तिथं उभ्या उभ्याच ती चिठ्ठी कुठल्या फाइलनं छापली ते आठवायला लागलो.